डॉबीवरचा धवला

आमच्या केसरीनाथ दाजींना गाता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, असेल कोणी मोठा कलावंत. आरतीला उभे राहिले की शेजारचा माणूस हळूच दोन पावलं लांब सरकायचा, इतका त्यांचा सूर वाकडा. आणि देवाची गंमत बघा, हा माणूस जन्माला आला कुणाच्या पोटी, तर बायजाबाई धवलारणीच्या.

आमच्या आगरी लग्नांत धवला गायल्याशिवाय हळद लागत नसे. देवांना मांडवात बोलवायचं, पूर्वजांना बोलवायचं, नवरीला हळदीला बसवायचं, सगळं गाण्यातून. ते गाणारी ती धवलारीण, आणि तिचा मान भटजीच्या बरोबरीचा. दाजींच्या गावी, भिवंडीजवळच्या कोनला, या धवलारणी दोघी. धोंडूबाई ओळ टाकायच्या आणि बायजाबाई ती झेलायच्या, म्हणजे तीच ओळ जरा खालच्या आवाजात परत म्हणायच्या, तोवर धोंडूबाईंचा श्वास भरायचा. धोंडूबाईंचा आवाज बारीक आणि टोकदार, बायजाबाईंचा मशेरी लावून लावून घोगरा झालेला. पण दोघींचा मिळून जो एक आवाज व्हायचा, तो ऐकला की वाढायला उठलेले पुरुषसुद्धा हातातली पातेली घेऊन जागच्या जागी थांबायचे.

बायजाबाई गेल्या आणि धोंडूबाईंनी गाणंच सोडलं. लोकांनी दुसऱ्या बायका आणून उभ्या केल्या. कुणी कशेळीची आणली, कुणी वळ गावची. धोंडूबाईंचं उत्तर ठरलेलं, "झेलनारी आपली पायजे. परकीकडं ओळ टाकली का ती खाली पडते." मग काय, गावातल्या हळदी डीजेवर लागू लागल्या. दाजींचाच भाचा मितेश, त्याने भलेमोठे स्पीकर आणले आणि धंदा जोरात चालवला. पोरं नाचायची, म्हातारी माणसं कानात कापूस घालून जेवायची.

आता माझी ओळख. मी बाळाराम, दाजींचा मेहुणा, कमळाताईचा धाकटा भाऊ. कशेळीला राहतो, टेम्पो चालवतो. माझं निम्मं आयुष्य खाडीपुलावरच्या ट्रॅफिकमध्ये गेलं आणि उरलेलं दाजींचं भंगार वाहण्यात. त्यामुळे मी जे सांगतोय ते पाठीला कळ लागून सांगतोय.

दाजी भिवंडीत यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की त्याला चालता करणारा तो जॉबर. त्यातही डॉबी हे त्यांचं खास काम. टॉवेलवर, लुंगीच्या काठावर जी बारीक नक्षी येते, ती डॉबी काढते. लाकडाच्या पट्ट्यांची एक माळ असते, सायकलच्या चेनसारखी गोल फिरणारी. प्रत्येक पट्टीला भोकांची रांग. ज्या भोकात खुंटी मारली, तिथले धागे वर उचलले जातात; जिथे भोक रिकामं, तिथले खाली राहतात. एकेक पट्टी पुढे सरकते आणि नक्षी उमटत जाते. म्हणजे खुंट्या कुठे मारायच्या एवढं ज्याला कळलं, त्याला नक्षी कळली. दाजी नवी नक्षी नुसती बघून माळ भरायचे, आणि कारखान्यातले यूपीवाले कारागीर त्यांना "केसरी भाई" म्हणून चहा पाजायचे.

दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. वळ गावातल्या एका भंगाराच्या गोडाऊनमधून मला भाडं होतं, दाजी सहज बरोबर आले होते. तिथे मुंबईच्या कुठल्याशा बंद पडलेल्या रेकॉर्डिंग स्टुडिओचा माल पडला होता. त्यात एक काळी पेटी. पुढे बटणंच बटणं, फिरवायच्या खुट्ट्या, तारा खुपसायची भोकं. तो म्हणे सिंथेसायझर होता, जुना, परदेशी. पण वाजवायला ज्या काळ्यापांढऱ्या पट्ट्या असतात त्याच नव्हत्या, कुणीतरी आधीच उपटून नेल्या होत्या. मी म्हटलं, "दाजी, बिनदातांचं जनावर घेऊन काय करनार?" ते म्हणाले, "आवाज तर हाय." झालं, ती पेटी टेम्पोत आली.

घरच्या मागच्या खोलीत तिचा संसार सुरू झाला. तारुण्यात दाजींनी रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केलेला, त्यामुळे सोल्डरिंगचा वास त्या घराला नवा नव्हता. पेटी सुरू झाली तेव्हा तिच्यातून असले काही आवाज निघाले की गोठ्यातली म्हैस दोन दिवस नीट दूध देईना. गुपित एवढंच होतं, की पेटीच्या एका भोकातून जितकी जास्त वीज द्यावी तितका सूर वर चढतो आणि कमी दिली की उतरतो. बाकी आवाज गोड करायचा, चिरका करायचा, घुमवायचा, ते सगळं खुट्ट्या फिरवून.

एका रविवारी मी तिथेच बसलो होतो. दाजी अशीच खुट्टी फिरवत होते आणि एकदम आवाज घोगरा झाला. जरा खरखरीत, खालून निघालेला, शेवटाला किंचित कापणारा. दाजींचा हात थांबला. स्वयंपाकघरातून ताई पिठाने माखलेल्या हातांनी दारात आली, उभी राहिली, पेटीकडे बघितलं आणि परत आत गेली. मलाही कळलं होतं. बायजाबाईंचा आवाज होता तो. हुबेहूब नव्हे, पण पहाटे झोपेत ऐकला असता तर मी ओ दिली असती.

त्या दिवसापासून दाजींच्या डोक्यात एकच गोष्ट शिरली. त्यांची लेक दिपाली लग्नाची झाली होती. तिची हळद धवल्यावर लागायची, धोंडूबाईंनी ओळ टाकायची आणि या पेटीने झेलायची. मी हसलो. सगळं गाव हसलं. पण दाजींना हसण्याचं काही वाटत नसे, आयुष्यभर आरतीत लोक हसतच होते.

प्रश्न होता पेटीला सूर सांगायचा कसा. पट्ट्या नाहीत, आणि असत्या तरी दाजींना कुठे वाजवता येत होत्या. त्यांच्या बोटांना येत होती एकच गोष्ट, खुंट्या मारायची. त्या काळात भिवंडीत जुने माग धडाधड भंगारात निघत होते. दाजींनी एक डॉबी उचलली. अर्थात मी उचलली, दाजी नुसते "सांभाळून, सांभाळून" म्हणत होते. मागात खुंटी जिथे धागे उचलायची, तिथे त्यांनी दारावरच्या घंटीची बटणं बसवली. खुंटी आली की बटण दाबलं जाणार, आणि प्रत्येक बटणाची वीज वेगळी, म्हणून सूर वेगळा. एक पट्टी म्हणजे एक सूर. सूर लांबवायचा असेल तर पुढच्या पट्ट्यांवर तीच खुंटी. रिकामी पट्टी म्हणजे शांतता. धवल्याची चाल ओळीओळीला तीच असते, म्हणून एका ओळीची माळ पुरे. ती भरायला दाजींना कित्येक महिने लागले. गाता येत नव्हतं ना. आईची चाल डोक्यात होती, ती डोक्यातून गळ्यात न उतरता सरळ बोटांत उतरली.

माळ फिरवायला त्यांनी शिवणयंत्राची मोटर लावली आणि गौरीच्या दिवशी धोंडूबाईंना घरी बोलावलं. शेजारपाजारच्या बायका जमल्या. मितेश खास बघायला आला. दाजींनी मागच्या खोलीतली डॉबी पुढच्या खोलीत आणली, माळ सोडवली होती ती परत चढवली आणि मोटर सुरू केली.

पेटीतून जे बाहेर आलं ते धवला नव्हता. काय होतं हे कुणालाच कळेना. ओळखीचं वाटायचं आणि कुठेच हाती लागायचं नाही. दाजी घामाघूम झाले. मग त्यांनी कपाळावर हात मारला. त्या आठवड्यात कारखान्यात त्यांनी डावखुऱ्या मागांचं काम केलं होतं. त्या मागांवर माळ दुसऱ्या बाजूने चढवतात. हाताला सवय लागली आणि घाईत त्यांनी इथेही तशीच चढवली. टॉवेलच्या काठावर नक्षी उलटी फिरली तर फरक कुणाला कळत नाही, टॉवेल टॉवेलच दिसतो. गाणं मात्र शेवटाकडून सुरुवातीकडे चाललं होतं. असली चूक करायला माणूस भिवंडीचाच लागतो.

मितेश हसून हसून खाली बसला. दाजींनी माळ पालटली, चाल सरळ लागली. धोंडूबाईंनी एक ओळ टाकून बघितली. पण मोटर आपल्या वेगाने चालली होती, धोंडूबाईंची ओळ संपायच्या आत पेटी झेलून मोकळी. त्या पदर सावरून उठल्या.

"केसरी," त्या म्हणाल्या, "उलटं तर उलटं, ते तू सरळ केलंस. पन ही थांबत न्हाय रे. बायजी थांबायची."

सगळे गेल्यावर ताई बोलली. माझी बहीण फार बोलत नाही, पण बोलली की ते दगडावरची रेघ असतं. "वैशाखात दिपूचं लगीन हाय. तिचे हळदीला यो वाजला तर ऱ्हाईल. न्हाय वाजला तर दुसरे दिवशी भंगारवाल्याला मीच हाक मारनार. आयचा आवाज काढून लोकांना हसवायला मना न्हाय पायजे."

मला वाटलं, दाजी आता खचतील. दुसऱ्या दिवशी गेलो तर माणूस मोटर काढत होता. म्हणाले, "बाळाराम, धोंडूकाकी काय बोलली ऐकलं ना? थांबत न्हाय. मागाचा धागा तुटला तर आपन काय करतो? माग थांबवतो, माळ हातानं मागं घेतो, जिथं धागा तुटला ती पट्टी बोटानं शोधतो, मंग चालू करतो. तर मना मोटर लावायची अक्कल कुनी दिली?" आणि त्यांनी मोटरच्या जागी एक हँडल बसवलं. आता माळ त्यांच्या हातात आली. हळू फिरवली तर हळू, थांबले तर थांबली. डाव्या हाताला आवाज बारीक-मोठा करायची खुट्टी.

एक अडचण मात्र राहिली होती. ती पेटी तापली की तिचा सूर हळूहळू चढायचा. दाजींनी पंखा लावला, ओलं फडकं ठेवलं, काही उपयोग नाही. वैशाखात, मांडवात, चुलीशेजारी ती काय करील, या विचाराने मला घाम फुटायचा.

धोंडूबाईंना बोलवायला दिपाली स्वतः गेली. धवलारणीला तांदूळ-सुपारी देऊन बोलवायची रीत आहे. धोंडूबाईंनी सुपारी घेतली. "येन," म्हणाल्या, "तुझे आजीचे घरचं लगीन हाय. गाईन का न्हाय ते तिथं बगू."

हळदीचा दिवस उजाडला. मांडवाच्या एका कोपऱ्यात मितेशचे स्पीकर, आणि दुसऱ्या कोपऱ्यात, चादरीखाली, दाजींचा माग. हो, गावात सगळे त्याला मागच म्हणायचे. दुपारची लाइट जाणारच होती, म्हणून दाजींनी माझा टेम्पो मांडवाला लावून त्याच्या बॅटरीवर इन्व्हर्टर जोडला होता. म्हणजे नवऱ्यामुलाकडची हळद आणायला टेम्पो नाही, पोरं रिक्षाने गेली. मामाच्या टेम्पोचा हा मान.

मितेशने गाणी लावली, पोरं नाचायला लागली. धोंडूबाई पाटावर बसल्या होत्या, तोंड मिटून. दिपालीला चौरंगावर आणलं. बायका हळदीची वाटी घेऊन उभ्या आणि धोंडूबाई काही तोंड उघडेनात. ताईने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा दाजींकडे. दाजींनी चादर काढली होती आणि हँडलवर हात ठेवून ते नुसते बसले होते. मला माझाच राग आला, की इतकी वर्षं या माणसाची मी नुसती टिंगल केली.

आणि लाइट गेली.

स्पीकर गप्प झाले, पंखे थांबले. मांडवात अशी शांतता झाली की चुलीवरचं भाताचं आधण ऐकू यायला लागलं. कुणीतरी "जनरेटर, जनरेटर" म्हणालं. मितेश उठला. तेवढ्यात धोंडूबाईंनी ओळ टाकली.

इतक्या वर्षांनी तो आवाज. थोडा कापरा झालेला, पण टोक तसंच. गणपतीला मांडवात बोलवायची ओळ होती. ती ओळ संपली, आणि दाजींनी हँडल फिरवलं.

पेटी घोगऱ्या आवाजात तीच चाल म्हणायला लागली. शब्द नव्हते तिच्यात, नुसती चाल. पण मांडवातल्या म्हाताऱ्या बायकांनी माना वर केल्या. एकीने पदर तोंडाला लावला. धोंडूबाईंनी दुसरी ओळ टाकली, पेटीने झेलली. तिसऱ्या ओळीच्या मध्येच धोंडूबाईंना धाप लागली, त्या थांबल्या. दाजीही थांबले. धोंडूबाईंनी श्वास घेतला, ओळ पुरी केली, मग कुठे हँडल हललं. मितेश जनरेटरच्या दोरीला हात लावून तसाच उभा राहिला होता.

आता चुलीची धग लागून पेटी चढायला लागली, मला कळलं. मी डोळे मिटून घेतले. पण बघा, म्हातारं माणूस रंगात आलं की त्याचा सूरही चढतो. धोंडूबाई चढल्या, पेटी चढली. कुठे जरा पुढेमागे झालं तर दाजी खुट्टीला एवढासा हात लावायचे. ज्या दोषासाठी आम्ही महिनाभर ओली फडकी बदलत होतो, त्या दोषानेच दोघींना बरोबर ठेवलं.

मग धोंडूबाईंनी खोडी काढली. बायजाबाईंशी त्या अशी खोडी काढायच्या. झेलणारी अर्ध्या ओळीत असताना मध्येच पहिल्यापासून ओळ धरायची आणि बघायचं ती सांभाळते का. त्यांनी तेच केलं. पेटी अर्ध्यात होती. दाजींनी डाव्या हाताने आवाज बंद केला, उजव्या हाताने माळ उलटी फिरवली, भराभर, पट्ट्यांवरून बोटं फिरवत, जसा तुटलेला धागा शोधतात तशी. धोंडूबाईंची ओळ संपली आणि पेटीने पहिल्या सुरापासून ती झेलली. एक खुंटी इकडची तिकडे नाही.

धोंडूबाई गाता गाता हसल्या. बोळक्या तोंडाने, लहान पोरीसारख्या. मी रडलो. सांगायला लाज कसली, मी टेम्पोच्या चाकाला टेकून रडलो.

त्या गात राहिल्या आणि दिपालीला हळद लागली. गावदेवीला बोलावलं, पूर्वजांना नावानिशी बोलावलं, त्यात बायजाबाईंचं नाव आलं तेव्हा ती ओळ पेटीने झेलली आणि दाजींच्या डोळ्यांतून पाणी गळून पट्ट्यांवर पडत होतं, पण हँडल डगमगलं नाही. लाइट कधी आली कुणाला कळलं नाही. मितेशने आपल्या हाताने स्पीकरचं बटण बंद ठेवलं.

धवला संपला की धवलारणीची ओटी भरायची असते. ताई ताट घेऊन आली. लुगडं, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. धोंडूबाईंनी हात पुढे केलेच नाहीत.

"दुसरी कुटं हाय?" त्यांनी विचारलं.

ताईला कळलं नाही. "काकी, तुमी एकट्याच ना."

"एकटीची ओटी मी घेत न्हाय, कमळा. आमी दोगी गायलो."

ताईने ताट खाली ठेवलं आणि घरात गेली. बराच वेळ ती येईना. मला भीती वाटली. मग ती आली, आणि तिच्या हातात बायजाबाईंचं लुगडं होतं, हिरवं, पेटाऱ्यात घडी करून ठेवलेलं. तिने ते डॉबीच्या लाकडी पट्ट्यांवर पसरलं, वर नारळ ठेवला, तांदूळ वाहिले. हळदकुंकू लावायला बोट पुढे केलं, क्षणभर थांबली, कुठे लावावं कळेना. मग ज्या पट्टीपासून चाल सुरू होते, त्या पट्टीला लावलं. आणि आमची ताई, जी त्या पेटीला भंगार म्हणायची, तिने मांडवात सगळ्यांसमोर वाकून तिला नमस्कार केला.

धोंडूबाईंनी मग आपली ओटी घेतली.